यादीत नसलेली पिल्लं

जहाज असो की विमान, ते येऊन टेकायच्या आधी त्याची यादी येऊन टेकली पाहिजे, असा कायदा आहे. पोटात काय आहे, किती नग आहेत, कुणाचे आहेत, कुठून चढले, सगळं. या यादीला मॅनिफेस्ट म्हणतात. यादी उशिरा आली तर दंड, चुकली तर दंड, आणि पोटात आहे पण यादीत नाही असं काही निघालं तर विचारूच नका. माझी अख्खी नोकरी या यादीत गेली. मी विमान कंपनीची कागदवाली. विमानं कंपनीची, चुका कंपनीच्या, आणि त्या चुका पदरात घेऊन कस्टमच्या खिडकीपुढे उभी राहायला मी.

खिडकीच्या पलीकडे टाचणीसाहेब. हे नाव त्यांना हमालांनी ठेवलं आणि ते चिकटलं. स्टेपलरला साहेबांचा विरोध होता. स्टेपलरची पिन काढताना कागद फाटतो, आणि फाटलेला कागद म्हणजे पुराव्याशी छेडछाड, असं त्यांचं म्हणणं. म्हणून शर्टाच्या खिशाच्या पट्टीला ओळीने टाचण्या खोचलेल्या. कागद बरोबर असला तर ते एक टाचणी उपसून तो फाइलला लावायचे. बरोबर नसला तर हात टाचणीकडे जायचाच नाही. आम्ही सगळे त्या हाताकडे बघत उभे असायचो.

साहेब लाच खात नसत. हे मी कौतुकाने सांगत नाही. खाणाऱ्याला निदान भूक असते आणि कधीतरी त्याचं पोट भरतं. यांचं पोट नियमाने भरायचं, आणि नियम काही संपत नाहीत.

घरीही तेच. हे मला त्यांच्या बायकोने सांगितलं होतं, ऑफिसातल्या कुणाच्या तरी निरोपसमारंभात, हसत हसत. बाजाराला जाताना साहेब यादी करून द्यायचे आणि पिशवी परत आली की यादी हातात घेऊन एकेक वस्तू ओट्यावर मांडायचे. एकदा त्या माउलीने मुलीसाठी लाल रिबीन आणली. ती यादीत नव्हती. साहेबांनी मुलीच्याच हाताने ती दुकानात परत पाठवली. "यादीत नाही ते आलंच नाही," ते म्हणाले म्हणे. बायको हसली, मीही हसले. बाईमाणूस अशा ठिकाणी हसण्याखेरीज काय करणार.

ही मुलगी मोठी झाली, शिकली आणि तिने एका कोंबड्या पाळणाऱ्याशी लग्न केलं. मुलगा सरळ, कष्टाळू, स्वतःची शेड असलेला. पण तो साहेबांच्या यादीत नव्हता. साहेबांनी घरातल्या प्रत्येक कागदावरून मुलीचं नाव काढून टाकलं आणि विषय मिटवला. पुढे बायको आजारी पडली, शेवटचं आजारपण. दवाखान्यात भेटायला येणाऱ्यांची नावं आधी द्यावी लागत. साहेबांनी यादी दिली. त्यात ऑफिसातले झाडून सगळे होते. खिडकीवर रोज कटकट करणाऱ्या मलासुद्धा पास मिळाला, पोटच्या पोरीला मिळाला नाही. ती फाटकाबाहेरच्या बाकावर बसून राहायची. पहारेकरी तिला रोज सांगायचा, ताई, नाव टाकून आणा. आई गेली तेव्हाही ती त्या बाकावरच होती.

एवढं माहीत असलं म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल.

त्या सकाळी गोदामाच्या मुकादमाचा फोन आला. "बाई, तुमच्या विमानातून कोंबडीची पिल्लं उतरलीत, खोक्यांच्या चळती आहेत नुसत्या. आणि यादीत त्यांची ओळच नाही."

आमच्या माल चढवणाऱ्यांची एक चांगली सवय आहे. जिवंत माल ते सगळ्यांत शेवटी चढवतात, म्हणजे त्या जीवांना विमानाच्या बंद पोटात कमीत कमी राहावं लागतं आणि उतरताना तेच पहिले बाहेर येतात. मॅनिफेस्ट मात्र त्याआधी तयार होतं. एरवी तिथला यादीवाला पिल्लांची ओळ आधीच घालून ठेवतो. त्या दिवशी तो म्हणाला असेल, चढू देत, मग घालतो. पिल्लं चढली, ओळ राहिली. त्यांच्यावर दया केली म्हणून ती यादीतून राहिली. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. अशी गोष्ट बिघडायला सुरुवात व्हायला भली माणसं पुरतात, पण ती पुरती बिघडवायला एक मनात अढी असलेला माणूस लागतो. तो आमच्याकडे खिडकीत बसलेला होता.

गोदामात गेले तर पिल्लांना जाळीच्या पिंजऱ्यात टाकलेलं. यादीत नसलेला माल तिथेच जातो, कुलूप लागतं, किल्ली कस्टमकडे. पत्र्याचं छप्पर, ऊन चढायला लागलेलं, आणि त्या भोकाभोकांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून असा कालवा चाललेला की मुकादमाला माझ्या कानाशी येऊन बोलावं लागलं. जाळीपाशी ती उभी होती. मी तिला दवाखान्याच्या त्या बाकावर ओझरतंच पाहिलेलं, तरी ओळखलं. नाक साहेबांचं होतं.

"मावशी, तुम्ही विमान कंपनीच्या ना?" ती म्हणाली. "ही माझी आहेत. मूळ जातीची आहेत. यांच्यापासून पुढचा कळप उभा करायचा आहे. आधीचा सगळा रोगाने गेला, शेड रिकामी आहे. ही जात वर्षातून एकदाच मिळते, आणि आम्हाला दुसऱ्यांदा कुणी देणार नाही."

"अंड्यातून कधी बाहेर आलीत?"

"निघायच्या दिवशीच. अंड्यातला बलक पोटात असतो, त्यावर दोन-तीन दिवस काढतात. त्यातला प्रवासात बराच गेला. आज दुपारपर्यंत शेडवर पोचली तर सगळी जगतील. नवऱ्याने शेड तापवून ठेवली आहे, पाणी भरून ठेवलंय." मग ती थांबली. "खिडकीवर आज कोण आहे?"

"तेच आहेत," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि कागद छातीशी धरून माझ्याबरोबर चालू लागली. तिच्या जागी मी असते तर तिथूनच परत फिरले असते. पण माझी पिल्लं नव्हती त्या खोक्यांत.

साहेबांनी मान वर केली, तिला पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. एवढ्यावरच मला कळलं की आज धडगत नाही.

"काय काम?"

"मॅनिफेस्टमध्ये दुरुस्ती," मी म्हणाले. "चूक आमची आहे, साहेब. कंपनीचं पत्र जोडलंय. जिवंत माल आहे, जरा लवकर..."

"अर्जदार कोण?"

"मी," ती म्हणाली.

"नाव सांगा."

जे नाव त्यांनी स्वतः ठेवलं होतं ते तिने त्यांना सांगितलं. त्यांनी ते नीट अक्षरात लिहून घेतलं. मग नवऱ्याचं नाव विचारलं, तेही लिहिलं. व्यवसाय विचारला. "कुक्कुटपालन," ती म्हणाली. साहेब म्हणाले, "म्हणजे कोंबड्या," आणि तसं लिहिलं.

शेजारच्या टेबलावर एक अधिकारी बाई होत्या, नव्याने बदलून आलेल्या, मनाने बऱ्या; साहेबांच्या घरची गोष्ट त्यांच्याही कानावर आलेली. त्यांनी खुर्ची मागे घेतली. "साहेब, ही फाइल माझ्याकडे द्या ना. जवळच्या नात्यातलं काम आपण हाताळायचं नाही असा नियमच आहे. मी बघते, लगेच करून टाकते."

नियम म्हटल्यावर साहेब थांबले. खरं तर तिथे सुटका होती. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकली असती, बाईंनी सही केली असती, पिल्लं तासाभरात बाहेर पडली असती, आणि साहेबांना मुलीशी एक शब्दही बोलावा लागला नसता. नियमही पाळला गेला असता. मला वाटलं, आता देतील.

त्यांनी फाइलच्या शेऱ्याच्या पानावर काहीतरी लिहिलं आणि आम्हाला ऐकू जाईल असं वाचलं. "अर्जदाराशी माझं कोणतंही नातं नाही. सबब प्रकरण माझ्याकडेच ठेवत आहे." खाली सही केली, तारीख घातली, आणि खिशाच्या पट्टीवरची टाचणी काढून ते पान फाइलला लावलं.

इतक्या वर्षांत त्यांनी कागदावर लिहिलेली ही पहिली खोटी गोष्ट असावी. अधिकारी बाई खाली बघून आपल्या फाइली चाळायला लागल्या. मुलीच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. तिने फक्त विचारलं, "साहेब, आता काय काय लागेल?"

"जिथून माल चढला तिथलं लेखी स्पष्टीकरण. ओळ का राहिली याचं."

"साहेब," मी म्हणाले, "गेल्याच आठवड्यात फुलांचा माल असाच राहिला होता. तुम्ही हमीपत्रावर सोडलात. कागद मागून आले."

"तो अर्जदार अनोळखी होता," साहेब म्हणाले. "त्याला सोडलं म्हणून कुणी माझ्याकडे बोट दाखवलं नसतं."

"आणि हिच्याशी तर नातं नाही म्हणालात."

हे माझ्या तोंडून निघून गेलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि कंपनीचं पत्र उलटं करून ठेवलं. नाकाने कांदे सोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत, पण यांना सोललेल्या कांद्याचाही वास येत नव्हता.

मुलगी म्हणाली, "स्पष्टीकरण येईपर्यंत पिल्लांना पाणी तरी देऊ द्या. मी खोकी बाहेर काढत नाही. झाकणातून नुसतं पाणी."

"जो माल यादीत नाही तो आलेलाच नाही," साहेब म्हणाले. "न आलेल्या मालाला पाणी कसं देणार?"

ते हे चिडून बोलले असते तर बरं झालं असतं. ते समजावून सांगत होते. लहान मुलीला गणित समजावून सांगावं तसं.

माल चढला त्या परदेशातल्या गावी तेव्हा संध्याकाळ उलटून ऑफिस बंद झालेलं होतं. मी संदेशावर संदेश पाठवले, फोन करून एकाला घरातून उठवलं. तो बिचारा म्हणाला, आमच्या साहेबाची सही सकाळी मिळेल. इकडे गोदामात मुकादमाने कुठूनतरी जुना पंखा आणला आणि जाळीला टेकवून लावला. "हे कोणत्या नियमात बसत नाही ते मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही," तो म्हणाला. मुलगी एक फळी टाकून जाळीपाशी बसली होती. बाकावर बसून वाट बघायची तिला सवय होती, असं माझ्या मनात आलं आणि माझं मलाच कसंतरी झालं.

तिचा नवरा मधूनमधून फोन करायचा. ती एवढंच म्हणायची, "शेड तापलेली ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोदामात शिरले तेव्हा मुकादमाशी साध्या आवाजात बोलता आलं. कालवा उतरला होता. ती त्याच फळीवर होती, डोळे सुजलेले. "वरच्या खोक्यांतली बोलतायत," ती म्हणाली. "खालच्यांची बंद झाली." तिने जाळीतून बोट घालून एका खोक्याच्या भोकाला लावलं होतं. आतून कुणीतरी त्यावर चोच मारत होतं.

स्पष्टीकरण आलं होतं. मी ते घेऊन खिडकीपुढे पळत गेले, या वयात पळत. साहेबांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. हात टाचणीकडे गेला नाही.

"सहीखाली हुद्दा नाही."

"साहेब, शिक्का आहे ना. नाव आहे."

"नाव आहे. पण हा माणूस कोण? तिथला झाडूवालाही सही करू शकतो. हुद्दा घालून मागवा."

"तोपर्यंत एकही राहणार नाही हो."

"मी अडवतोय का? कागद आणा, सही घ्या."

मुलगी माझ्या मागे येऊन उभी होती. मला वाटलं, आता रडेल, हात जोडेल, नाहीतर शिव्या तरी देईल. साहेबांनाही तसं वाटलं असावं, कारण ते तिच्याकडे बघत होते आणि त्या बघण्यात वाट पाहणं होतं. त्यांना ते हवं होतं. तिने एकदा अप्पा म्हणावं, पदर पसरावा, चुकले म्हणावं, मग कदाचित हात टाचणीकडे गेला असता. ती काही बोलली नाही. बापाकडूनच आलेला पीळ होता तो. दोघांच्या त्या पिळात तिकडे खोक्यांतली पिल्लं एकेक करून गप्प होत होती.

हुद्दा घातलेलं पत्र दुपार टळल्यावर आलं. साहेब जेवून आले होते. त्यांनी पत्र वाचलं, टाचणी काढली, लावली, दुरुस्ती मंजूर म्हणून सही केली. "आता तुमचा माल आला," ते म्हणाले. मी माल ताब्यात दिल्याची पावती पुढे केली, तिने सही केली, त्यांनी तीही टाचली. सगळं यथासांग झालं.

पिंजरा उघडला तेव्हा पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

जिवंत माल मेलेला निघाला तर जनावरांच्या डॉक्टरने तपासून दाखला द्यायचा, खोकी सील करायची आणि कस्टमच्या अधिकाऱ्यासमोर मेलेली जनावरं जाळायच्या भट्टीच्या गाडीत चढवायची, असा नियम आहे. साहेब स्वतः आले. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं, पण आले. डॉक्टरने वरचं एक, मधलं एक, खालचं एक असं खोकं उघडलं. पिवळा कापूस दाबून भरल्यासारखी ती होती. डॉक्टर पुढच्या खोक्याला हात घालणार तोच साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"सगळी तशीच असणार. एकेक फोडत बसलो तर ऑफिस बंद होईल. लिहा."

डॉक्टरने खांदे उडवले आणि लिहिलं, सर्व पिल्लं मृत. स्वतः सही केली, साहेबांची घेतली, मालकीण म्हणून तिची घेतली. साहेबांनी दाखला फाइलला टाचला. हमालांनी खोक्यांना सीलपट्ट्या लावल्या, साहेबांनी पट्टीपट्टीवर शिक्का मारला, आणि खोकी गाडीत चढली.

ड्रायव्हर मागचं दार लावता लावता थांबला. "साहेब, आत काहीतरी वाजतंय."

आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. एकटंच होतं. थांबून थांबून, पण चांगलं ठणठणीत चिवचिवत होतं.

साहेब पुढे झाले. एकेका खोक्याला कान लावत गेले आणि एकापाशी थांबले. झाकणावर हात ठेवला. मी त्या माणसाला इतकी वर्षं ओळखते, पण त्यांचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. म्हातारा दिसला एकदम.

"डॉक्टर, हे जिवंत आहे."

"असेल," डॉक्टर म्हणाला. "पण दाखल्यात सगळी मेलीत, आणि ते तुमच्याच सांगण्यावरून लिहिलं. आता सील फोडायचं तर मालकिणीचा अर्ज पाहिजे. तो आला की मी पुन्हा तपासतो, दुरुस्ती करून देतो. मला काय, दोन मिनिटांचं काम."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमची कंपनी अर्ज देईल?"

"आम्ही माल ताब्यात दिला, साहेब. पावती तुम्हीच टाचलीत."

मग ते तिच्याकडे गेले. फाइलमधून एक कोरा कागद काढला, स्वतःचं पेन उघडलं आणि दोन्ही तिच्यापुढे धरलं. "यावर एक ओळ लिहून द्या. दाखल्यात दुरुस्ती व्हावी, एवढंच."

"मला दुरुस्ती नको," ती म्हणाली. "दाखला बरोबर आहे."

"अहो, एक जिवंत आहे त्यात. ऐकू येत नाही का?"

"येतंय. पण ते यादीत नाही. यादीत नाही ते आलंच नाही."

मला तिचा राग आला. खरंच आला. त्या चिमूटभर जिवाने तिचं काय बिघडवलं होतं? दोन दिवस जाळीशी बसून ज्यांच्यासाठी डोळे सुजवले, त्यांतलंच ते एक होतं. "पोरी, सही कर," मी म्हणाले. तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"ऐक माझं," साहेब म्हणाले. आवाज खाली आला होता. "बाळा, एक सही कर."

मुकादम दुसरीकडे बघायला लागला. हमाल जिथे होते तिथेच उभे राहिले.

"बाळा कुणाला म्हणता, साहेब?" ती म्हणाली. "अर्जदाराशी तुमचं कोणतंही नातं नाही. फाइलवर आहे ते."

गाडीतून चिवचिव चालूच होती. ती दोन पावलं पुढे गेली आणि त्यांच्या अगदी जवळ उभी राहून म्हणाली, "सील तुमचं आहे. शिक्का तुमचा आहे. अंगठ्याने फाडलं तरी फाटेल. अर्ज नको, कागद नको, नुसतं फाडा. इथे कुणी बघितलं नाही असं आम्ही सगळे म्हणू."

"म्हणू," मुकादम म्हणाला. डॉक्टरने पाठ केली. मीही मान हलवली.

साहेब गाडीपाशी परत गेले. त्यांनी खोक्यावर हात ठेवला, अंगठा पट्टीच्या कडेखाली गेला. पट्टीचं टोक सुटलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आतल्या पिल्लाला हात कळला असावा, ते आणखी जोरात ओरडायला लागलं. माझ्या मनात आलं, फाड रे बाबा, एकदा तरी फाड. तीही श्वास धरून उभी होती. तिला पिल्लू हवं नव्हतं असं नाही. तिला ते त्यांच्या हातून हवं होतं, विनाअर्ज.

"साहेब, लावू का दार?" ड्रायव्हरने विचारलं.

साहेबांनी सुटलेलं टोक अंगठ्याने दाबून पुन्हा चिकटवलं. वरून हात फिरवला.

"कागद पूर्ण आहेत," ते म्हणाले. "जा."

दार लागलं. गाडी सुरू झाली तेव्हा इंजिनाच्या आवाजात चिवचिव बुडाली, फाटकाशी गाडी हळू झाली तेव्हा पुन्हा ऐकू आली, मग गाडी वळली.

साहेब कोरा कागद हातात धरून तसेच उभे होते. मुलगी त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, "तो कागद द्या."

त्यांनी झटकन वर पाहिलं. त्यांना वाटलं, विरघळली. कागद आणि पेन तिच्या हातात देता देता ते मुकादमावर ओरडले, "गाडी थांबवा, फाटकावर फोन करा." मुकादम पळालाच. तिने कागद तिथल्याच एका रिकाम्या खोक्यावर ठेवला, चार ओळी लिहिल्या, सही केली आणि त्यांच्या हातात दिला.

साहेबांनी वाचलं. मग पुन्हा वाचलं, पत्रं वाचायचे तसं. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. अर्जदाराशी अधिकाऱ्याचं कोणतंही नातं नसल्याचा जो शेरा फाइलवर आहे, त्याची शिक्क्याची नक्कल मिळावी, असा अर्ज होता.

"कशाला पाहिजे?" त्यांनी विचारलं.

"पुढे कधी दवाखान्यातून नाहीतर आणखी कुठून मला बोलावणं आलं, तर दाखवायला."

मुकादम धापा टाकत आला. "फाटकावर गाडी थांबवून ठेवलीय, साहेब. काय सांगू?"

साहेबांनी अर्जावरून नजर काढली नाही. "सोडून द्या," ते म्हणाले.

अर्ज बिनचूक होता. तारीख होती, फाइलचा क्रमांक होता, सही होती आणि सहीखाली हुद्दा होता, मालाची मालकीण. हरकत काढायला कुठे जागाच नव्हती. साहेबांनी खिशाच्या पट्टीवरची टाचणी काढली आणि अर्ज फाइलला लावला. नक्कल तिला त्याच संध्याकाळी मिळाली.